परळच्या सूतिकागृहातली टेप

हॉरर पिक्चर बघतानाही मला भिंतीला गेलेली चीर आधी दिसते, भूत नंतर. मी आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींची मोजमापं घेते. सासूबाई मांजर आडवं गेलं की थांबतात आणि मी त्यांची टिंगल करते. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

गेल्या वर्षीची गोष्ट. परळमधलं एक बंद पडलेलं सूतिकागृह, नाव सांगत नाही. गिरणीत राबणाऱ्या बायकांसाठी बांधलेलं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी तुळया, आणि अडलेल्या बाईला जिना चढायला लागू नये म्हणून पहिल्या मजल्यापर्यंत रुंद उतार. वर लांबलचक वॉर्ड, त्यात माणसाहून उंच लाकडी पार्टिशनं, शेवटी मागची गॅलरी. इतका विचार करून बांधलेली इमारत पाडायची की ठेवायची, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

मला सहावा महिना होता. आधी दोनदा मूल पोटातच गेलेलं. डॉक्टरांनी साइट बंद सांगितली होती, तरी घरी ऑफिसचं नाव सांगून मी गेलेच. अतिशहाणपणा, दुसरं काय!

सकाळचे अकरा. आमचे ड्राफ्ट्समन परबकाका टेपचं रीळ धरून वॉर्डाच्या पुढच्या भिंतीशी उभे, टेपचं टोक घेऊन मी गॅलरीकडे निघाले. पार्टिशनांमुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. गॅलरीच्या दारात टेप ताणली गेली. कठडा अजून चार फूट लांब होता.

"काका, सोडा जरा."

टेप हलेना. मी ओढली. पलीकडून तितक्याच जोराने कुणीतरी ओढून धरली.

"नाय सोडणार गो. मागे ये."

बाईचा आवाज. शांत, पण दटावल्यासारखा. खाली आवारातल्या खोलीत वॉचमनचं कुटुंब राहतं. काकांनी त्याच्या बायकोच्या हातात रीळ दिलं असणार, असं वाटून मी भडकले. मोजमाप चालू असताना न सांगता टेप दुसऱ्याला द्यायची नाही, हा आमचा पहिला नियम. जाब विचारायला मी तरातरा मागे फिरले. आठ-दहा पावलं गेले असेन — मागे कडकडाट झाला. वळून पाहिलं तर दारापलीकडे गॅलरी नव्हती. नुसतं ऊन आणि धूळ.

पोटावर हात ठेवून मी तिथेच खाली बसले. काका उतारावरून धावत आले... खालून. घरून फोन आला, वर आवाज तुटत होता, म्हणून रीळ जमिनीवर ठेवून ते मिनिटभर उतरले होते. बिचारे रडकुंडीलाच आले. रीळ त्यांनी ठेवलं तिथेच पडलं होतं. मी टेप एका बोटाने ओढली, तर ते घरंगळत आलं. वॉचमनची बायको आठ दिवस गावाला गेली होती.

काका म्हणतात, टेप पार्टिशनच्या फटीत अडकली असेल. बरं, अडकली. आणि आवाज?

मुलगी आता पाच महिन्यांची आहे. परवा तिला मांडीवर घेऊनच रखडलेला रिपोर्ट पुरा केला. 'सध्याचा वापर' या रकान्यात 'बंद, आत कुणी नाही' असं लिहायचं होतं. मला ते लिहवलं नाही. तो रकाना मी कोरा ठेवलाय.