ठोकळ्यातला डावा कान

असे अनुभव मी आजवर फक्त वाचत आले, आणि खरं सांगायचं तर मनात हसतही आले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वाशिमजवळच्या गावातून चेन्नईला ऑडिओलॉजी शिकायला आले, ते मोजता येतं तेवढंच खरं मानायचं असं ठरवून. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय...

जागा म्हणजे अड्यारमधलं आमचं क्लिनिक, तळमजल्यावरची टेस्टची खोली. नाकामागून कानाच्या पडद्याआड हवा नेणारी एक बारीक नळी असते. मोठ्या माणसांत ती नीट उघडते का हे बघायच्या तीन टेस्टची तुलना, हा माझा प्रोजेक्ट. पहिलीत नाक दाबून फुंकायचं, दुसरीत नाक दाबून गिळायचं, तिसरीत मशीन कानात दाब देतं आणि आपण पाणी गिळायचं. स्क्रीनवर डोंगरासारखा उंचवटा येतो. तो सरकला, तर नळी उघडली. "मुळुंगुंगा" – म्हणजे गिळा – हा मला पक्का आलेला पहिला तमिळ शब्द.

त्या शुक्रवारी गोविंदराव आले. रिटायर्ड क्लार्क, तंजावरकडचे मराठी. मी सवयीने "मुळुंगुंगा" म्हटलं तर हसले. "आमच्याशीं तमिळ कशाला, मा? गिळा म्हण कीं!"

पहिल्या दोन टेस्ट चांगल्या आल्या. तिसरीत डाव्या कानाचा उंचवटा जागचा हलला नाही. शून्याच्या बराच डावीकडे, उजव्या उतारावर एक बारीक खाच... तीनदा केलं, तीनदा तसाच.

"रविवारीं विमान आहे," ते म्हणाले. "दिल्लीस लेक बाळंत झाली. मागच्या खेपेस हाच कान फुटतो कीं काय झालेलें. आतां सोसेल ना?"

माझ्या प्रोजेक्टच्या गाईड मॅडमना विचारायला हवं होतं. त्या मीटिंगमध्ये होत्या, आणि काका इतक्या आशेने बघत होते... मी म्हटलं, "दोन टेस्ट छान आल्यात, काका." तिसरीचं बोललेच नाही.

शनिवारी सकाळी साडेआठ. रोज आधी मशीन तपासावं लागतं. त्यासाठी कडक प्लास्टिकचा एक ठोकळा असतो, ठरावीक मापाच्या भोकांचा. मशीनचं कानात घालायचं टोक, म्हणजे प्रोब, त्यात घातला की रेघ सपाटच यायला हवी, कारण आत हलणारं काहीच नसतं.

मी प्रोब घातला. उंचवटा आला. शून्याच्या डावीकडे. उजव्या उतारावर खाच.

पुसून दुसऱ्या भोकात घातला. तेच.

माझी वर्गमैत्रीण सेल्वी डोकावली. "एन्न डी इदु? हे काय? ठोकळ्याला सर्दी झाली का गं?" मग तिने स्वतः प्रोब लावला आणि हसायची थांबली. "कालचंच दाखवत असेल," म्हणत तिने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मी प्रिंट काढली. सेल्वीने ती कालच्या प्रिंटवर ठेवून खिडकीच्या काचेला लावली. दोन रेघा होत्या, दिसत होती एकच.

मी काकांच्या फॉर्मवरचा नंबर लावला.

"काका, डावा कान तिसऱ्या टेस्टमध्ये फेल होता. मी काल सांगितलं नाही. चूक झाली... मॅडमना दाखवल्याशिवाय विमानात बसू नका."

पलीकडून आवाज आला, "कालच कां नाहीं सांगितलेंस, मा?" आणि मग, "सेरी, बरें. येतों."

सेल्वीने माझा दंड घट्ट धरला. प्रोब ठोकळ्यातच होता, कोणी हात लावला नव्हता. स्क्रीनवरची रेघ सपाट झाली होती.

त्याच दुपारी डॉक्टरांना डाव्या पडद्यामागे पाणी दिसलं. विमान नको म्हणाले. काका रेल्वेने दिल्लीला गेले. मॅडमनी मला चांगलंच फैलावर घेतलं, ते योग्यच होतं. मशीन तपासायला आलेल्या माणसाला काही दोष सापडला नाही.

ठोकळ्याची प्रिंट मी मॅडमसमोर ठेवली. काही सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, "हा कान लगेच डॉक्टरांना दाखव. कोणाचा आहे?"

"ठोकळ्याचा, मॅडम."

त्यांनी पुन्हा बघितलं, मग माझ्याकडे. "ठोकळ्याला पडदा नसतो," म्हणाल्या, आणि प्रिंट उलटी ठेवली.

ते मलाही माहीत आहे. सेल्वी या विषयावर बोलत नाही. रेघ आता रोज सपाटच येते... तरी प्रोब घातल्यावर मी लगेच स्क्रीनकडे बघत नाही. आधी आठवून घेते – काल कोणाला काही सांगायचं राहिलं का.