रिलीजच्या आधीची प्रार्थना

सॉफ्टवेअरच्या धंद्यात उतरलो तेव्हा वाटलं होतं, इथे देवाधर्माचा संबंध येणार नाही. संगणकाला ना जात, ना सोयर, ना सुतक. कसलं काय! आमच्या ऑफिसात खंडेनवमीला कीबोर्डवर झेंडू असतो, प्रिंटरला हळदकुंकू लागतं आणि प्रसादाचे पेढे मीच आणतो, कारण मालक मी. मी ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना माहीत आहे. नवा माणूस पहिल्या दिवशी विचारतो, "सर, तुम्ही मूळचे गोव्याचे का? मराठी किती छान बोलता!" अरे बाबा, आमच्या कितीतरी पिढ्या नाशकातच गेल्या. मी मराठी नाही बोलणार तर काय पोर्तुगीज बोलणार?

माझी भक्ती मी माझ्यापाशी ठेवतो. चर्चमध्ये पाळकसाहेब "कोणीतरी प्रार्थना करा" म्हणाले की मी बुटांकडे बघतो. बायको कोपराने ढोसते, तरी बुटांकडेच बघतो. चारचौघांत प्रार्थना करणं आपल्याला जमत नाही. फक्त नवीन काम ग्राहकाकडे चालू करायच्या आधी केबिनचं दार लावून मनातल्या मनात दोन शब्द बोलतो.

एकदा आमच्या टेस्टिंगच्या मॅडम दार न वाजवता आत आल्या. माझे डोळे मिटलेले, मान खाली. बाईंनी ओरडून सगळं ऑफिस गोळा केलं. कोणी साखरपाणी आणलं, कोणी पंखा वाढवला. "मला काही झालेलं नाही हो, प्रार्थना करत होतो," म्हणालो तेव्हा कुठे एकेक जण आपल्या जागेवर परतला. आणि नेमकं ते रिलीज बिनबोभाट पार पडलं. झालं! त्या दिवसापासून मॅडम बटणावर बोट ठेवून विचारायला लागल्या, "सर, प्रार्थना झाली ना? मग दाबते."

मी चिडलो. "अहो, प्रार्थना म्हणजे काय अँटिव्हायरस आहे? काम नीट तपासा, म्हणजे झालं." बाई संकष्टी कधी न चुकवणाऱ्या. शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही कशाला करता?"

गेल्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या शेठचं काम मिळालं. प्रत्येक पेटीवर स्टिकर लागतो, त्यावरून ही द्राक्षं कुणाच्या बागेतली हे परदेशात कळतं. ते स्टिकर छापणारं सॉफ्टवेअर आमचं. शेठनी आधीच बजावलं होतं, "साहेब, पहिल्या दिवशी माल अडकला तर पुढच्या हंगामाला तुमचं तोंड बघणार नाय." हे काम गेलं असतं तर निम्मं ऑफिस घरी पाठवावं लागलं असतं. मॅडमसकट.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच पॅकहाऊसमध्ये हजर. द्राक्षांचे क्रेट आले होते, बाहेर माल न्यायला कंटेनर उभा होता. लांबच लांब टेबलांपाशी डोक्याला टोप्या घातलेल्या बायका कात्र्या घेऊन उभ्या होत्या. शेठनी नारळ फोडला, अगरबत्ती ओवाळली. मी लॅपटॉपकडे वळतो तोच मॅडम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबा, आता आमच्या सरांची प्रार्थना!"

अरे देवा! शेठनी तर लगेच हात जोडले. "हां हां, होऊन जाऊ द्या. आशीर्वाद कुणाचा बी असो, घेतलेला बरा." बायकांनी कात्र्या खाली ठेवल्या. आता पळणार कुठे?

डोळे मिटले. "हे प्रभू, आम्ही तुझे उपकार मानतो," एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. मग डोळे मिटायच्या आधी जे जे दिसलं होतं आणि जे जे आठवलं, त्या सगळ्यासाठी मागत सुटलो. द्राक्षांसाठी, अवकाळी पावसाने लांब राहावं म्हणून, कंटेनरच्या ड्रायव्हरसाठी, शेठच्या धंद्यासाठी. आणि म्हणालो, "या माझ्या बहिणी दिवसभर उभ्या असतात प्रभू, त्यांच्या पायांना आराम दे." कुठून आलं कोण जाणे. येशूच्या नावाने मागितलं आणि आमेन म्हणालो. शेठनी माझ्याहून मोठ्याने आमेन ठोकलं.

बटण दाबलं. प्रिंटर धडाधड चालू झाला, टाळ्या पडल्या. मग बघतो तर प्रत्येक स्टिकरवर एकच नाव: 'चाचणी शेतकरी, मुक्काम चाचणी'. तपासताना भरलेलं नाव काढायचंच राहून गेलं होतं. पेट्यांचा ढीग लागला, कंटेनरवाला हॉर्न मारायला लागला. शेठ ताडताड माझ्यासमोर आले. "साहेब, तुमच्या देवाची आज सुट्टी हाय का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सॉफ्टवेअर आधीही बंद पडलंय, त्याची मला सवय आहे. पण माझ्यामुळे देवाला बोल लागलेला मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो फार लागला. मॅडम स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "शेठ, सरांच्या देवाला काही बोलू नका. चूक माझी आहे." संकष्टीवाल्या बाई माझ्या प्रभूची बाजू घेत होत्या आणि मी आपला घाम पुसत होतो.

थोड्या वेळात खरी नावं यायला लागली. चुकलेले स्टिकर खरवडायला आम्ही सगळेच लागलो. कंटेनर उशिरा का होईना, सुटला. शेठ मात्र माझ्याशी बोलेनात. पुढच्या हंगामाचं काय, हे विचारायची माझी छाती होईना.

चहाच्या सुट्टीत एक वयस्क बाई माझ्याजवळ आल्या. "दादा, तुम्ही देवाला आमच्या पायांचं सांगितलं, लय बरं वाटलं. पण पॅकहाऊस शेठचं हाय. त्यांना बी सांगा की."

घ्या! आत्ता? आज? देवाला सांगायला काय लागतं, तो काही आपलं कंत्राट काढून घेत नाही. "बघतो, बघतो," म्हणून सटकणार होतो. पण बाई जागच्या हलेनात, आणि मागे सगळ्या जणी चहाचे कप धरून माझ्याकडे बघत होत्या. एवढ्या जणींनी ऐकलेली प्रार्थना परत कशी घेणार?

उठलो. मॅडम मागून कुजबुजल्या, "सर, आज नको हो. फोनवर बोला." पण फोनवर मी बोललोच नसतो, हे मला पक्कं माहीत होतं.

"शेठ, या बायकांना टेबलापाशी बसायला उंच स्टुलं द्या."

"हे तुमच्या कोटेशनमध्ये होतं का?"

"नव्हतं."

"मग?"

"प्रार्थनेत होतं. तुम्ही आमेन म्हणालात."

"म्हणजे काय म्हणालो?"

"तसंच होवो."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "बाप रे! मग आधी नाय का सांगायचं?" एवढं म्हणून ते आत निघून गेले. परतीच्या वाटेवर मॅडम गाडीतच आपला बायोडेटा नीट करायला लागल्या. गेलंच काम, असं दोघंही धरून चाललो होतो.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "साहेब, स्टुलं आली. पुढच्या हंगामाला बी तुम्हीच या. पण ती प्रार्थना जरा आखूड करा, आपल्याला परवडत नाय."

काम घेतलं. प्रार्थना आखूड करायचं मात्र मी कबूल केलं नाही.