पेलियनचे म्हातारे घोडे

काही किस्से हसण्यातून साठतात. माझ्याकडचे रागातून साठलेत. ऑफिसात तोंड मिटून बसलं की ते आत साचतात, आणि मग कुणीतरी चहाला आलं की बाहेर पडतात.

मी तेव्हा आम्स्टरडॅम स्लोटरडाइकमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत होते. आम्ही ग्रीसमधल्या घोडेस्वारीच्या सहली विकायचो. पेलियनच्या डोंगरातून थेट समुद्रापर्यंत. "अर्धे माणूस, अर्धे घोडे असलेले सेंटॉर याच डोंगरात राहायचे," हे वाक्य मी रोज फोनवर म्हणायचे. घोडे कंपनीचे, तबेला तिथल्याच यानिसचा. सांभाळायचाही तोच. मग कोविड आला, विमानं थांबली आणि मी झूटरमेर गावातल्या माझ्या घरून फोन घ्यायला लागले.

*

एक बाई सहल रद्द झाली म्हणून तावातावाने भांडत होत्या. म्हटलं, "तिथल्या गावांत लॉकडाऊन आहे."

"पण आम्ही घोड्यावर असणार. दीड मीटर अंतर आपोआपच राहतं."

माझी आई तेव्हा पुण्यात एकटी होती आणि मला विमान मिळत नव्हतं. मी फोन म्यूट केला आणि भिंतीला शिव्या घातल्या. अस्सल मराठीत.

*

आमची बॉस मार्लेन. तिने ऑनलाइन सहल काढली. कॅमेरा घोडीच्या कपाळावर, लोक आपापल्या सोफ्यावर. घोडीचं नाव थेटिस, म्हणजे ग्रीकांची समुद्रदेवी. ती पहिल्याच वळणावर थांबली आणि चरत बसली. सगळ्यांना स्क्रीनभर गवत.

मार्लेन यानिसवर भडकली. "समुद्र दाखवायचा होता!"

यानिस म्हणाला, "मॅडम, तिने तो पाहिलाय."

*

दुसऱ्या वर्षीही सहली बंदच. मार्लेन मला म्हणाली, "म्हातारे घोडे काढून टाकू. यानिसला मेल लिही."

"काढून म्हणजे?"

"तिकडे कुणी खाटीक असेलच की."

ज्या घोड्यांचे फोटो दाखवून आम्ही पोट भरलं, ते हे घोडे. माझे कान तापले. म्हटलं, "मी नाही लिहिणार."

"तुझं इथे राहायचं परमिट या नोकरीवर आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. तरी नाही."

मी लॅपटॉप मिटला. शेजारच्या खोलीतून नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "बरं केलंस."

*

शेवटी मार्लेननेच यानिसला व्हिडिओ कॉल लावला. मलाही मुद्दाम त्यात घेतलं.

"जे काम करत नाहीत, नुसतं खातात, ते दाखव," ती म्हणाली.

यानिस फोन घेऊन तबेल्यात गेला. एक पांढरा घोडा दाखवला, मग एक लंगडी घोडी, मग थेटिस. मार्लेन मान हलवत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"अजून एक आहे."

तो अंगण ओलांडून घरात शिरला. शेगडीजवळ त्याचे वडील पांघरूण घेऊन बसले होते. यानिसने फोन त्यांच्यासमोर धरला.

"हेही काम करत नाहीत. यांचं काय करू?"

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. स्क्रीनवर बाई दिसल्याबरोबर त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हसून नमस्कार केला.