उपाशी मशीन

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीचं फॅट मोजायचं मशीन पाचाच्या वर चढेना. एका म्हातारीनं म्हशीच्या दुधात पाणी घातलं, असं दूध घेताना मी तिला भरल्या रांगेत बोललो.

केजहून आलेल्या मेकॅनिकनं ते ऐकतच दारात चपला काढल्या, मशीन उघडलं आणि मीटर लावला.

"आतली आयसी, म्हंजी चिप, चांगली हाय. पंधरा व्होल्ट पायजेत, नऊच भेटतेत. गावातल्या समद्या बोअरी याच डीपीवर, त्या चालल्या की विजेचा दाब पडतो. उपाशी मशीन वरचा आकडा कुठून दाखवंल?"

त्यानं पिशवीतला स्टॅबिलायझर जोडला. म्हातारीचं तेच दूध साडेसात निघालं.

मी चहा पुढे केला. त्यानं हातही लावला नाही.

"आदी त्या माउलीकडं जाऊन या."

गेलो. ती अजून मला लेकरा म्हणते, ते त्या माणसामुळं.