फुजैरातलं गोठलेलं काँक्रीट

दुबईजवळच्या फुजैरात थंडीने काँक्रीट फुटलं असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला आधी मलाच ऊन लागलंय असं वाटतं. बंगल्याच्या अरब मालकालाही तसंच वाटलं. "हबीबी, फुजैरा में बर्फ? मजाक करता है?"

बर्फ त्यानेच आणला होता. अंगणातल्या पोहण्याच्या तलावाला लागून त्याने तब्येतीसाठी थंडगार पाण्याचं कुंड बांधून घेतलं होतं. कुंडाच्या भिंतीतून पाणी गार करणाऱ्या चिलरचे पाइप गेलेले. भिंतीत मुरलेलं पाणी रोज गोठायचं, फुगायचं आणि चिलर बंद झाला की वितळायचं. शेवटी काँक्रीटचे पापुद्रे निघायला लागले. थंड देशांत हिवाळा जे फुकटात करतो, ते या गृहस्थाने वीज जाळून करून दाखवलं होतं.

दुरुस्तीचं कंत्राट मी घेतलं आणि बाबांना सोबत नेलं. आई गेल्यावर मी त्यांना साताऱ्याहून इकडे आणलं होतं. सरकारी खात्यात जन्मभर पूल बांधलेला माणूस, पण आमच्या घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. नातीला हाक मारली, तर "व्हॉट, आजोबा?" एवढंच. साइटवर मात्र सगळे त्यांना "बडे साहब" म्हणायचे. बाबा हातोडीने भिंत वाजवून पोकळ जागा दाखवायचे आणि घरी येऊन पोटभर जेवायचे. मला फार बरं वाटायचं.

खराब काँक्रीट फोडून आम्ही नवा थर दिला, जरुरीपुरता ओलाही ठेवला. "आता पाण्याचा थेंब नको, पूर्ण वाळल्याशिवाय चिलर लावायचा नाही," असं मी बाबांना बजावलं आणि बंदरावरच्या दुसऱ्या कामाला गेलो. पण नव्या काँक्रीटला पाणी मारू नका, हे आपल्याकडच्या जुन्या इंजिनिअरला सांगणं म्हणजे बाळंतिणीला डिंकाचा लाडू देऊ नका असं आजीला सांगणं. बाबा रोज ड्रायव्हरबरोबर जाऊन भिंत मनसोक्त भिजवत होते.

चिलर सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत नवा थर सोलून निघाला. "बडे साहब ने बहुत पानी मारा," मुकादम माझ्या कानात कुजबुजला. बाबा पापुद्रा हातात धरून उभे होते. मालकाने विचारलं, "किसकी गलती?"

"सिमेंट खराब निकला," मी म्हणालो. "फिर से करके देगा, इन्शाल्ला."

गाडीत बसल्यावर बाबांनी तो पापुद्रा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "नोकरीभर कंत्राटदारांच्या तोंडून हेच ऐकत आलो. सिमेंट खराब होतं! एकाचंही कधी खरं मानलं नाही." आणि हळूच पुढे म्हणाले, "उद्यापासून मला नेऊ नकोस."

तेव्हा मात्र माझा पारा चढला. "वा! भिंत भिजवायची तुम्ही आणि निस्तरायचं मी एकट्याने? नको म्हटलं होतं ना? सकाळी लवकर खाली या. उशीर केलात तर थांबणार नाही."

बापाला इतकं मी आयुष्यात कधी झापलं नव्हतं. बाबा सीटवर ताठ बसले.

"हां," ते म्हणाले, "आता माझ्याशी इंजिनिअरशी बोलावं तसं बोललास."