आतोबांची आफ्रिका

आमच्या आतोबांनी सबंध आयुष्यात एकाही माणसाचा त्या माणसासारखा दिसेल असा फोटो काढला नाही, आणि तरीसुद्धा त्यांच्याइतकी खूश गिऱ्हाइकं साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. साताऱ्याच्या भर पेठेत, माडीवर त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. देवीच्या वणांचा, एक डोळा जरासा तिरका असलेला काळासावळा माणूस जिना चढून वर जायचा, आणि आठवड्याभरानं गोरापान, तुळतुळीत, दोन्ही डोळे सरळ असलेला एक राजबिंडा गृहस्थ कागदात गुंडाळून खाली आणायचा. घरी बायको बघायची आणि म्हणायची, "अगं बया, लय झ्याक आलाय की!" हा कोण, असं मात्र कधी कुणी विचारलं नाही.

ही सगळी करामत रिटचिंगची. फोटो काचेवर उतरला की आतोबा ती काच खिडकीच्या उजेडाला तिरकी धरून बसायचे. हातात अणकुचीदार शिसपेन्सिल आणि एक बारीक पातं. सुरकुती दिसली की बुजव, मस दिसला की उडव, हनुवटी खाली आली असेल तर वर घे. मी एकदा म्हणालो, "आवं आतोबा, देवानं केलेलं तसंच राहू द्या की जरा." तर काचेवरची नजर न काढता म्हणाले, "देवाकडं गर्दी लय, गड्या. एकेका मानसाला किती येळ देनार त्यो? त्येचं ऱ्हायल्यालं आपुन करायचं." स्टुडिओत सर्वांसाठी मिळून एकच काळा कोट होता. तो पाठीमागून उभा फाडलेला असल्यामुळे कुणालाही बसायचा. वडूजकडचा हाडकुळा कुणबी आणि सांगलीचा पोट सुटलेला जैन व्यापारी दोघेही त्याच कोटात, त्याच राजवाड्याच्या रंगवलेल्या जिन्यापुढं, त्याच मोराशेजारी उभे राहून गेलेले आहेत.

एकदा पोलिसांनी एका फरारी माणसाचा फोटो आतोबांकडून नेला. त्या फोटोबरहुकूम त्यांनी वाईच्या घाटावर संध्या करत बसलेल्या एका देखण्या तरुण भटजीला उचललं, आणि खरा आरोपी त्याच गर्दीत उभा राहून "काय झालं वो?" म्हणून चौकशी करत होता. फौजदारानं आतोबांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. तू मुद्दाम केलंस म्हणाला. खडसावल्याचं आतोबांना काही वाटलं नाही, पण त्या 'मुद्दाम'चा राग कितीतरी दिवस गेला नाही. "आरं, मुद्दाम कशापायी करीन? मी समद्यास्नीच करतो!" हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा तरी ऐकवलं असेल.

मग लढाई सुरू झाली. आमच्या भागातली पोरं पलटणीत जायची ती जायच्या आधी आतोबांचा जिना चढायची. नवा कडक खाकी गणवेश, कातरलेले केस, आणि घरी आईसाठी एक फोटो. कोट खुंटीवर गेला. पहिली दोन वर्षं आतोबा भलतेच खुशीत होते. मग हळूहळू जिना चढणारी माणसं बदलली. म्हातारे बाप यायचे, आया यायच्या. पदराच्या नाहीतर धोतराच्या सोग्याच्या गाठीत पलटणीतला एखादा बोटाएवढा फोटो असायचा. "मोटा करून द्या," म्हणायचे. पुढचं बोलायचे नाहीत. आतोबाही विचारायचे नाहीत. बोटाएवढ्या फोटोवरून हातभर फोटो करायचा, पोराला होता त्याहून देखणा करायचा, आणि हार बसेल एवढी चौकट सुचवायची, हाच त्यांचा धंदा होऊन बसला. आत्या म्हणायची, जेवताना ताटाकडं बघत बसत्यात नुसते.

मी त्या सुमाराला नुकती वकिली सुरू केली होती. पक्षकार म्हणाल तर एकटे आतोबा, तेही घरचे. एका संध्याकाळी ते माझ्या कचेरीत आले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "वकील, परमुलखात फोटूचा धंदा काढायचा तर कायदा काय म्हनतो?"

"कुठल्या परमुलखात?"

"आफ्रिका. नैरोबी." त्यांचा शाळेतला एक सोबती तिथं रेल्वेत होता.

मला हसू आवरेना. "आतोबा, आवं ह्या वयात? सांगलीला जायचं तर तुमाला मळमळतं."

ते हसले नाहीत. "हितं माज्या खुर्चीवर जित्तं मानूस बसून किती दिस झालं, ठावं हाय का तुला? दिसभर मी गेल्याली पोरं रंगवत बसतो. तितं म्हनं आपली लय मानसं हायती. लग्नं हुत्यात, बारशी हुत्यात. मला जित्ती मानसं पायजेत, गड्या. हितं ऱ्हायलो तर मी बी चौकटीत जाऊन बसंन."

मी कायद्याची पुस्तकं खाली काढली, आणि तिथून आमच्या दोघांच्या वनवासाला सुरुवात झाली.

आधी पारपत्र हवं. त्यासाठी वर्तणूक चांगली असल्याचा पोलिसांचा दाखला हवा. तिकडच्या सरकारची आत येण्याची परवानगी हवी. ती मिळायला तिथला राहणारा जामीन हवा आणि आपण तिथं कुठं धंदा करणार ती जागा दाखवायला हवी. जागा भाड्यानं घ्यायची तर धंद्याचा परवाना हवा. परवाना मागायचा तर आधी आत गेलेलं हवं! हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा आतोबा म्हणाले, "म्हंजे तितं जायला तितलं असायला लागतं." अख्ख्या कायद्याचं सार इतक्या थोडक्यात मी आजवर कुणा न्यायाधीशाकडूनही ऐकलेलं नाही. शेवटी त्या रेल्वेतल्या सोबत्यानं आपल्या घराची ओसरी जागा म्हणून दाखवली आणि ते एक निभावलं. मग बंदरावर जकातीसाठी कॅमेरा आपलाच असल्याची पावती लागते असं निघालं. कॅमेरा आतोबांना हुंड्यात मिळालेला. मी पावती मागितली तर म्हणाले, "तुजी आत्या हाय की!"

पोलिसांचा दाखला त्याच फौजदाराच्या हातात होता. आता संपलंच म्हणून मी कपाळाला हात लावला. पण आतोबांनी फौजदाराला स्टुडिओत बोलावून त्याचा एक फोटो काढला, पंधरा वर्षं आणि निम्मं पोट उतरवून. फौजदारीणबाईंनी तो दिवाणखान्यात लावला. दाखल्यात आतोबांची वर्तणूक 'अत्यंत चोख' असल्याचं आलं.

आणि एवढं सगळं तडीला गेल्यावर आमचं गाडं अडलं कुठं, तर फोटोवर! नियम असा, की अर्जदाराचा समोरून काढलेला, बोडक्या डोक्याचा फोटो तीन प्रतींत हवा. त्यात काही फेरफार केलेला चालणार नाही. आणि त्याच्या पाठीमागं एखाद्या प्रतिष्ठित माणसानं स्वहस्ते लिहून द्यायचं, की हे ह्याच माणसाचं खरं रूप आहे. आतोबांच्या डोक्यावर केस नाहीत ही गोष्ट आत्यालासुद्धा लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलेली. तरी त्यांनी धीर करून टोपी काढली, कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी गोळा मुठीत दाबून स्वतःच स्वतःचा फोटो घेतला, आणि मग ती काच खिडकीपाशी घेऊन बसले. हात कुठं ऐकतोय?

सही करायला आम्ही सुभेदारांकडं गेलो. सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेले, गावात ऑनररी मॅजिस्ट्रेट. त्यांनी फोटो हातात घेतला. फोटोत दाट केसांचा, तीस वर्षांचा, गालफडं भरलेला एक नवरदेव होता. सुभेदारांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा आतोबांकडं.

"ह्यो कोन?"

"मीच की."

"खोटं लिवायला लावतोस व्हय रं मला? सरकारच्या कागदावर?"

"आवं सुभेदार, तुमचा फोटू बी मीच काढलाय. भिंतीवर लावलाय न्हवं?"

"त्यो बी माज्यासारका न्हाई," सुभेदार गरजले, "पर त्याच्यामागं मी सही केल्याली न्हाई! जा. तुजा हात लागला न्हाई असा फोटू घिऊन ये."

मग मी आतोबांना घेऊन सांगलीला गेलो. वाटेत ते दोनदा ओकले. तिथला फोटोग्राफर भला माणूस. धंद्यातलाच, आतोबांना नावानं ओळखणारा. त्यानं पुढ्यात बसवून चहा पाजला आणि फोटो काढला. "जसा हाय तसाच द्या," म्हणून मी जिना उतरेपर्यंत बजावत होतो. चार दिवसांनी टपालानं फोटो आला तो पहिल्याहून देखणा! सोबत चिठ्ठी, की धंद्यातल्या माणसाला तसाच कसा पाठवायचा, आमची अब्रू जाईल. आतोबांनी ते काम भिंगाखाली धरून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, "हात लय हलका हाय त्येचा." मी त्या दिवशी हात टेकले. आफ्रिका राहू द्या, ह्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत नेता येत नाही, असं मी आत्याला चक्क बोलून दाखवलं.

पुढं कशी कोण जाणे, एका बाईमुळं वाट निघाली. मी त्या दुपारी स्टुडिओतच होतो, अर्जाची मुदत चालली म्हणून आतोबांच्या मागं लागलो होतो. वडूजकडच्या एका खेड्यातली ती बाई, आपल्या मुलाचा मोठा केलेला फोटो न्यायला आलेली. आतोबांनी कागद सोडून फोटो तिच्यापुढं धरला. सुरेखच झाला होता. बाईनं तो उजेडाकडं नेला, लांब धरला, जवळ घेतला.

"फोटू लय झ्याक हाय, बाबा," ती म्हणाली. "पर ह्यो कोन?"

आतोबा एकदम उभे राहिले.

"त्येच्या भुवईवर खोक हुती. ल्हानपनी बैलानं शिंग मारल्यालं. मी माज्या हातानं हळद भरल्याली त्यात. ती कुटं गेली?"

"आवं मावशी," आतोबा चाचरत म्हणाले, "ती बुजवली म्या. वंगाळ दिसत हुती."

"मला वळक लागंना त्येची," बाई म्हणाली. रागावली नव्हती ती. नुसतं सांगत होती.

आतोबांनी तिला आत्याकडं मुक्कामाला ठेवून घेतलं. काचेवरची सगळी पेन्सिल धुऊन काढली आणि दुसऱ्या दिवशी नवा फोटो करून दिला. बाईनं अंगठा त्या भुवईवरून फिरवला. "हां," म्हणाली, "ह्यो माजा." आणि मग तिनं तोंडाला पदर लावला. मी वकील माणूस, पण मला तिथं उभं राहवेना. मी खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

ती गेल्यावर आतोबा टोपी काढून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी आत्याला हाक मारली. "ये, गोळा दाब." आत्याच्या माहेरचा तो कॅमेरा, पण इतक्या वर्षांत त्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. ती म्हणाली, "मला काय येतंय त्यातलं?" आतोबा म्हणाले, "तुला काय यायला पायजे? माज्याकडं बग आन् दाब." आत्यानं बघितलं आणि दाबलं. आतोबांनी काच धुतली, फोटो उतरवला, आणि पेन्सिल मात्र उचलली नाही. टक्कल, डोळ्यांखालच्या पिशव्या, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा, आणि लढाईची ती सारी वर्षं तोंडावर जशीच्या तशी. त्यांनी तो फोटो माझ्याकडं उलटा करूनच दिला. सुभेदार त्याच्याकडं पुष्कळ वेळ बघत राहिले. "हां, ह्यो तू," एवढंच म्हणाले, आणि तिन्ही प्रतींच्या मागं पलटणीतल्या इंग्रजीत ठसठशीत ओळ लिहून त्यांनी सही ठोकली.

अर्ज गेला. उत्तर यायला इतके दिवस लागले, की मधल्या काळात लढाई संपली. उत्तर आलं ते नकाराचं. त्या शहरात फोटोग्राफर पुरेसे आहेत, सबब आणखी एकास परवानगी देता येत नाही. कागदांबरोबर एक फोटो तेवढा परत आला. मी चडफडत माडीवर गेलो, अपील करू म्हणालो, कलमं सांगायला लागलो. आतोबांनी ऐकून घेतलं.

"पुरेसे म्हंजे किती?" त्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"जाऊ दे मग," ते म्हणाले. जिन्यात कुणीतरी पदराची गाठ सोडत उभं होतं. आतोबा उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "या, वर या. पोराला वळकायची निशानी काय, ती आदी सांगा." त्यानंतर ते प्रत्येकाला हेच विचारायचे. लग्नातल्या नवरदेवांना त्यांनी शेवटपर्यंत राजपुत्र करून दिलं, पण न परतलेल्या पोरांच्या काचेवर पुन्हा पेन्सिल टेकवली नाही. जित्ती माणसं त्यांना हवी होती, ती मिळाली म्हणावीत एवढी काही आली नाहीत. आफ्रिकेचं नाव त्यांनी परत काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

पाच-सहा वर्षांत आतोबा गेले. कपाटात त्यांचे स्वतःचे पाच देखणे फोटो निघाले, शिवाय तो सांगलीचा. आत्यानं सगळे बाजूला सारले आणि आफ्रिकेहून परत आलेला तो टकला, थकलेला फोटो चौकटीत घालून भिंतीला लावला. तिला वाचता येत नाही. मी गेलो की ती अजून तो खाली काढते, उलटा करून माझ्या हातात देते आणि म्हणते, "मागं काय लिवलंय ते वाच रं." मी सुभेदारांच्या इंग्रजीचं मराठी करून वाचतो, "हे ह्याच माणसाचं खरं रूप आहे." "व्हय," आत्या म्हणते, आणि पदरानं काच पुसून फोटो परत खिळ्याला अडकवते.