शेटच्या हाताने मोजलेली रिंग

जूचंद्रमध्ये माणूस उंच निघाला की गाव त्याचे दोन उपयोग ठरवून टाकायचं. लग्नात मांडवाच्या पताका बांधायच्या आणि गणपतीत मखराचे वरचे खिळे ठोकायचे. हरेश्वर म्हात्रे सव्वासहा फुटांचा. मिठागरात राबणाऱ्या घरात एवढं ताडाचं झाड उगवलं कसं, यावर गावाने बरीच वर्षं चर्चा केली. रस्ता, पाणी आणि दवाखाना यांवर चर्चा करून काही होत नाही, हे गावाला तोवर कळलेलं होतं.

सत्तर साली मुंबईच्या एका गिरणीच्या साहेबाने त्याला कबड्डीच्या मैदानात नुसता उभा पाहिला आणि बास्केटबॉलच्या टीमसाठी उचलला. कागदावर कारकून, कामाला बॉल. गिरणीतून कापड किती निघायचं देव जाणे, ट्रॉफ्या मात्र ढिगाने निघायच्या. ट्रॉफीच्या फोटोत मालक मधल्या खुर्चीवर, घाम गाळणारे मागे उभे, आणि हरेश्वर इतका उंच की त्याचं डोकं फोटोच्या बाहेर.

शहात्तरला रिंगखाली उतरताना त्याचा पाय वाकडा पडला आणि गुडघा गेला. गिरणीने मोठ्या मनाने त्याला खरोखरचा कारकून केलं. ब्याऐंशीच्या संपात कारकुनीही गेली. मग एक कप, एक शिट्टी आणि दुखरा गुडघा एवढी कमाई घेऊन गडी गावात परत आला.

परतल्यावर स्वस्थ बसेल तर तो हरेश्वर कसला! शाळेमागच्या मोकळ्या जागेत त्याने बास्केटबॉल शिकवायचं काढलं. मुलगे फिरकले नाहीत, त्यांना सगळ्यांना क्रिकेटमध्ये भारताचं कल्याण करायचं होतं. आल्या त्या मुली. मिठाच्या पाट्या वाहून माना ताठ आणि पोटऱ्या घट्ट झालेल्या. त्यांत धर्मा सुताराची रंभा सगळ्यांत चलाख. धर्माने पहिल्याच दिवशी अट घातली.

"हऱ्या, ह्या थंडीत ठान्याला जिल्ह्याची टीम निवडतील, तीत पोरीचा नाव लागला तर खेळू दे. नय तर माघात लगीन. गोखिवऱ्याचा पोरगा बघून ठेवलाय, कारखान्यात हाय."

"आणि नाव लागलं तर?"

"तर मी तोंड नय उघडनार."

रिंगसाठी खांब हवा होता. तो दिला पांडुरंगशेटनी. शेट शाळेचे चेअरमन, सोसायटीचे चेअरमन, देवस्थानचेही चेअरमन. फक्त घरात चेअरमन दुसरं कोणी होतं. देहाने शेट आटोपशीर, मानाने मात्र आभाळाला टेकलेले. खांब त्यांनी एकच दिला. दुसऱ्या खांबाचं लाकूड पुढच्या निवडणुकीसाठी राखून ठेवलं. त्यामुळे जूचंद्रचं बास्केटबॉल अर्ध्याच मैदानावर जन्माला आलं.

"रिंग किती उंच बसवू?" धर्माने विचारलं.

दहा फूट, एवढं म्हणून मोकळं व्हायचं. पण मुंबईने आपला साहेब केलेला नाही, हे हरेश्वरला दाखवायचं होतं ना! "पावणेसात हात," तो ऐटीत म्हणाला आणि बॉल आणायला मुंबईला निघून गेला.

धर्माकडे टेप होती. पण शुभकार्याचा पहिला खांब म्हणजे मेढ, आणि मेढ या गावात यजमानाच्या हाताने मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. मेढीला टेप लावणं म्हणजे देवाला तराजूत बसवणं. आणि यजमान कोण? लाकूड देईल तो. शेटनी बाही सरसावली, धर्माने त्यांचा हात पावणेसात वेळा खांबावर ठेवला, तिथे रिंग ठोकली, खांबाला हळदकुंकू लावून आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला.

हरेश्वर बॉल घेऊन आला. खांब पाहून त्याला राहवलं नाही. धावत जाऊन उडी मारली आणि बोटं रिंगला लागली! गुडघा गेल्यापासून जी रिंग त्याला स्वप्नातही हुलकावणी द्यायची, ती हाताला लागली. तसाच धावत तो घरी गेला.

"आये, गुडघा बरा झाला गं!"

"व्हयल नय तर काय?" त्याची आई बायजा चुलीपुढे खाडीतले निवटे मासे साफ करता करता म्हणाली. "निवट्यांचा कालवन खातोस रोज. तुझ्या मुंबयच्या डागदराला इचार, निवटा कंदी पायलाय काय!"

रिंग बुटकी असेल, ही शंका जन्म बास्केटबॉलमध्ये घालवलेल्या माणसाला आली नाही. कशी येईल? माणसाला जे हवं असतं ते समोर आलं की तो टेप शोधायला जात नाही. रोज तो एकदा रिंगला हात लावायचा, मुली टाळ्या पिटायच्या, आणि त्यांचा बॉलही सरासर आत पडायचा. गाव म्हणू लागलं, आपल्या पोरींना हरवणारा जन्माला यायचाय.

तो रेल्वेच्या पश्चिमेकडच्या वाडीत केव्हाच जन्मून कोच झालेला होता. फर्डिनंड, गिरणीच्या टीममधला हरेश्वरचा जुना जोडीदार. दिवाळीनंतर त्याच्या मैदानावर सामना ठरला. जूचंद्रच्या पोरींचा एकेक बॉल रिंगच्या खालूनच परत. रंभाने तर निम्मे बॉल जाळीच्या बुडाला मारले.

"हरेश्वर," फर्डिनंड हसून लोटपोट, "तुझ्या पोरी बॉल टाकतात की रिंगला खालून घास भरवतात?"

"तुझी रिंग चोराची आहे!" हरेश्वर भडकला. "वर चढवून बसवलीस!" आणि खरं करायला धावत जाऊन त्याने उडी मारली. बोटं हवेत फिरून रिकामी खाली आली.

फर्डिनंडने टेप आणली. दहा फूट. हरेश्वर ती टेप मागून घेऊन गावात आला आणि घरी न जाता थेट खांबाशी गेला. नऊ फूट. निवट्यांच्या कालवणाची कीर्ती तिथेच संपली.

सकाळी तो शेटच्या ओटीवर उभा.

"शेट, रिंग फूटभर वर घ्यावी लागेल."

"का? मोजून बसवली ना?"

"मोजली हो. पण..."

"पण माझा हात तोकडा, असंच ना?" शेटचा चहा बशीतच राहिला. "गावात सांगत फिरणार तू, चेअरमनचा हात तोकडा?"

"हात तुमचा बरोबर आहे शेट, चूक माझी..."

"मेढ पुजलेली आहे. तिला वरून ठिगळ लावायचं नाही, उपटायची तर नाहीच. खांबाला हात लावलास की मैदानाला टाळं!"

मैदानाला दार नव्हतं. पण ज्याला दार नाही त्यालाही टाळं लावायची ताकद म्हणजेच चेअरमनकी.

ठाणं पंधरवड्यावर आलेलं. बुटक्या रिंगवर रंभाचा हात असाच राहिला तर माघात अक्षता ठरलेल्या. हरेश्वरचं टाळकं फिरलं. संध्याकाळी घरातलं फावडं घेऊन तो खांब उपटायलाच निघाला. धर्माला कळलं तसा तो धावत आला आणि खांबाला मिठी मारून खाली बसला.

"आधी माझ्यावर घाव घाल! पुजलेली मेढ हाय!"

"ऊठ धर्माकाका! तुझ्याच पोरीचं नुकसान होतंय!"

"माझे हातचा काम हाय, नय उठनार!"

काका उठेना, याचा राग उतरेना. हरेश्वर त्याच्यासमोरची जमीनच फोडत सुटला. शिव्या देत देत चांगला फूटभर खड्डा झाला, तेव्हा रंभा त्यात उतरली. बापाला दोन शब्द सुनवायचे होते तिला. पण वर बघून ती थांबली.

"सर, हितून रिंग फर्डिनंड सरांच्या रिंगसारखी दिसते."

हरेश्वरचं फावडं हवेतच राहिलं. तोवर आरडाओरडा ऐकून बायजा आली होती.

"आगऱ्याचे घरात जलमलास ना?" ती म्हणाली. "दर्या वर येत नय म्हनून आपन रडत बसतो काय? जमीन खाली घेतो न् पानी आत घेतो. खन पुढं!"

झालं! पोरी, पोरींच्या आया, मिठागराची फावडी. चार-पाच संध्याकाळी खणून अख्खं अर्धं मैदान खाली बसवलं, कडेने बांध घातला. मेढीला कोणाचं बोट लागलं नाही, म्हणून धर्माही गपचूप माती ओढत होता. किती खोल जायचं ते मोजायला हरेश्वरने टेप काढलीच नाही. रोज उडी मारायचा. "लागते अजून. खणा." पुन्हा उडी. "लागते. खणा." शेवटच्या संध्याकाळी त्याने जीव खाऊन उडी मारली, बोटं रिंगपर्यंत पोचली नाहीत, आणि तो गुडघा धरून मातीत बसला.

"सर, दुखतोय?" रंभाने विचारलं.

"दुखतोय. म्हणजे माप बरोबर झालं. थांबवा."

तेवढ्यात शेट अवतरले. "हे काय चाललंय?"

"श्रमदान, शेट," बायजा पदर सावरत म्हणाली. "तुमची रिंग उंच दिसाया पायजे, म्हनून आमी खाली चाललोय."

शेटनी खांबाकडे पाहिलं, मेढ जागच्या जागी. खूश झाले. फोटोवाल्याला बोलावणं गेलं. फोटोत शेट मधे, हातात कोरं फावडं. हरेश्वर खड्ड्यात उभा असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा त्याचं डोकं फोटोत आलं.

ठाण्यात जूचंद्रच्या पोरी फर्डिनंडच्या पोरींकडून पुन्हा हरल्या, पण या खेपेला घाम काढून. संध्याकाळी जिल्ह्याच्या टीमची नावं वाचली, त्यांत रंभाचं होतं.

गावात सत्कार झाला. शेट तासभर बोलले. हा माझ्या हाताचा गुण, असं त्यांनी तीनदा सांगितलं. हरेश्वर दोनदा उठू लागला, दोन्ही वेळा बायजाने सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

गोखिवऱ्याच्या मुलाचा बापही शेटच्या आमंत्रणावरून चहाला आलेला. त्याने धर्माला बाजूला घेतलं.

"सुतारा, तुझी पोरगी अर्ध्या चड्डीवर धावते म्हनं?"

तोंड न उघडायचा शब्द दिलेल्या धर्माने तोंड उघडलं.

"धावते. तुझ्या पोराला धरता येते काय ते बघ, मंग बोलू."

पाहुणा चहा अर्धा टाकून उठला. रंभा तोवर बॉल घेऊन खड्ड्यात उतरली होती.